डूबक्षेत्रातली वाचनयादी

बँकेत एक जानेवारीला काही सुरू होत नाही. कॅलेंडरं वाटली जातात, तेवढंच. डिसेंबरच्या मध्यापासून काउंटरवर विचारणा सुरू होते, ‘साब, कैलेंडर आ गए?’ आणि आलेली कॅलेंडरं मागणीच्या निम्मीही नसतात. आमचं वर्ष एक एप्रिलला उजाडतं आणि एकतीस मार्चच्या रात्री उशिरा कधीतरी संपतं. जानेवारी ते मार्च म्हणजे वसुली, पीककर्जांचं नूतनीकरण, एनपीएच्या याद्या आणि वरून येणारे फोन. अशा दिवसांत ‘यंदा इतकी पुस्तकं वाचणार, इतके सिनेमे बघणार’ असं ठरवणारा बँकवाला मी तरी पाहिला नव्हता.

मी ठरवलं ते मुलीमुळे. ती पुण्यात शिकते आणि तिच्या मैत्रिणींत हा प्रकार चांगलाच रुजलेला आहे. गुडरीड्स नावाच्या संकेतस्थळानं २०११ मध्ये वर्षभराच्या वाचनाचं आव्हान सुरू केलं. जानेवारीत आकडा टाकायचा, वाचून झालेलं पुस्तक नोंदवायचं, की ते तुम्हाला सांगतं, तुम्ही वेळेच्या पुढे आहात की मागे पडलात. सिनेमा बघणाऱ्यांसाठी लेटरबॉक्स्ड आहे, तेही त्याच वर्षीचं. २०२४ साठी मुलीनं बावन्न पुस्तकं आणि शंभर सिनेमे असा आकडा टाकला होता. नाताळच्या सुट्टीत नागपूरला घरी आली तेव्हा माझ्यामागे लागली.

‘‘बाबा, तुम्ही चोवीस घ्या. महिन्याला दोन. काही जड नाही.’’

‘‘चोवीस कशाची?’’

‘‘कशाचीही. छोटी कादंबरी घ्या, कवितेचं घ्या. मोजता आलं म्हणजे झालं.’’

त्या ‘कशाचीही’पाशी मी अडलो. माझी सगळी नोकरी आकड्यांच्या टार्गेटमागे धावण्यात झाली आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये जनधन योजना सुरू झाली तेव्हा पहिल्याच दिवशी देशभरात दीड कोटी खाती उघडली गेली. चांगली योजना होती. ज्या बाईच्या नावावर आयुष्यात कधी कागद नव्हता तिच्या हातात पासबुक आलं, ते मी पाहिलं आहे. पण नंतर वरून विचारणा सुरू झाली, शून्य शिलकीची खाती इतकी का? मग २०१६ मध्ये वर्तमानपत्रात बातमी आली की ठिकठिकाणी बँकवाल्यांनीच त्या खात्यांत एकेक रुपया भरला होता. शून्य गेलं, खातं रिकामं ते रिकामंच. पुस्तकांच्या बाबतीत हा एक रुपया कसा भरतात तेही मला दिसत होतं. मुलीच्या होस्टेलमधल्या एकीनं डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पातळ-पातळ पुस्तकं वाचून आकडा गाठला होता. दुसरी सिनेमे दीडपट वेगानं बघते. नेटफ्लिक्सनं २०२० मध्ये ती सोयच करून दिली. दीडपट वेगात माणूस रडतो कसा, हे मला बघायचं आहे एकदा.

तरीही टार्गेटला सरसकट नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. ‘वाचायचं मनात खूप आहे हो, पण वेळ मिळेल तेव्हा’ असं म्हणणारी मंडळी शाखेशाखेत आहेत, आणि त्यांना निवृत्तीनंतरही वेळ मिळालेला मी पाहिलेला नाही. पीककर्जाला हप्त्याची तारीख नसती तर किती परत आलं असतं, हे आम्हाला विचारा. तारीख हवी, बंधन हवं. प्रश्न एवढाच, की मोजायचं काय. मंजुरीपत्रात रकमेच्या आधी कर्जाचा हेतू लिहितात. शेळ्यांसाठी घेतलेल्या पैशाची मोटारसायकल आली तर हप्ते वेळेवर आले तरी तपासनीस शेरा मारतो.

तेव्हा मी मुलीशी रीतसर वाटाघाटी केल्या. आकडा मोठा नको. महिन्याला एक पुस्तक, एक सिनेमा. पण हेतू ठरलेला. मी जिथं नोकरी करतो त्या गोष्टीबद्दलचंच सगळं: नदी, धरण, पाणी आणि पाण्याखाली गेलेलं. निम्मी पुस्तकं मराठीबाहेरची. सिनेमा एका बैठकीत, फोन दुसऱ्या खोलीत. तिनं आपली दोन कलमं घातली. एक, प्रत्येक पुस्तकाबद्दल किंवा सिनेमाबद्दल कुणाशी तरी समोरासमोर बोलायचं, फोनवर नाही. दुसरं, एक पुस्तक ती देईल आणि ते मला पटणारं नसेल. मी सही केली.

अशी आव्हानं जगभर लोक घेतात, आणि त्यांतली डोक्यात राहतात ती असलीच, काहीतरी अट असलेली. लंडनच्या अ‍ॅन मॉर्गन यांनी २०१२ या एका वर्षात जगातल्या प्रत्येक देशातलं एकेक पुस्तक वाचायचं ठरवलं. काही देशांची पुस्तकं इंग्रजीत नव्हतीच, तेव्हा अनोळखी लोकांनी ती त्यांच्यासाठी भाषांतरित करून पाठवली. बुक रायट या संकेतस्थळाचं २०१५ पासूनचं आव्हान चोवीस कामांचं आहे. अमुक प्रकारचं एक, तमुक प्रांतातलं एक. आपल्याकडे सतीश काळसेकरांचं ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ आहे, २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं. काळसेकर कवी, आणि बँकेत नोकरी केलेले. त्या पुस्तकात आकडा कुठेच नाही. एका पुस्तकातून दुसऱ्याकडे, एका माणसातून दुसऱ्या माणसाकडे वाट जात राहते. मी ते या वर्षाच्या आधीच वाचलं होतं, नाहीतर यादीत घुसवलं असतं.

आता माझी शाखा आहे ते बरगी. जबलपूरहून नागपूरकडे निघालं की पंचवीसेक किलोमीटरवर हमरस्त्यालगत हे गाव लागतं. धरण आत आहे, बरगीनगरला. नर्मदेच्या मुख्य प्रवाहावरचं हे पहिलं पूर्ण झालेलं मोठं धरण. १९७४ मध्ये काम सुरू झालं आणि १९९० मध्ये जलाशय भरला. उंची ६९ मीटर, लांबी साडेपाच किलोमीटरच्या आतबाहेर, दरवाजे एकवीस. पावसाळ्यात दरवाजे उघडले की जबलपूरहून गाड्या भरभरून माणसं बघायला येतात, आणि तिकडे खाली ग्वारीघाटाच्या पायऱ्या बुडतात. सरकारी नाव राणी अवंतीबाई लोधी सागर. बोलताना कुणी ते घेत नाही, ‘बरगी डॅम’च.

मी गावात भाड्याच्या खोलीत राहतो, कुटुंब नागपूरला. खोलीखालून रात्रभर ट्रक जातात. वाचायला बरी जागा आहे. करमणुकीचं दुसरं साधन नाही, आणि वीज गेली तरी खिडकीतून हायवेचा उजेड येतो.

जानेवारीत विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ काढली. धरणाखाली गेलेल्या गावाची आणि पुनर्वसनाच्या नावाखाली त्याच्या झालेल्या फरफटीची ही जाडजूड कादंबरी १९९१ ची. पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मी ती कॉलेजात असताना वाचली होती. तेव्हा ती मला संतापाची कादंबरी वाटली होती. या खेपेला मला तिच्यात कागद दिसले: नोटिसा, पंचनामे, सातबारे, अर्ज, अर्जावरचे शेरे. पाटील स्वतः महसूल खात्यातले, त्यामुळे गाव बुडतं ते आधी फायलीत, हे त्यांना आतून ठाऊक. दिवसभर इथले जमिनीचे कागद, म्हणजे ऋण पुस्तिका आणि खसऱ्याच्या नकला, तपासून संध्याकाळी ती वाचताना काउंटरवरची गर्दीच पुन्हा भेटायची.

कारण ती माणसं माझ्या शाखेत येतातच. डिसेंबर-जानेवारीत जलाशयाचं पाणी उतरायला लागलं की कडेची गाळाची जमीन उघडी पडते. विस्थापित कुटुंबं तिच्यावर गहू-हरभरा पेरतात. जमीन एकेकाळी त्यांच्याच बापजाद्यांची, पण आता सरकारी कागदावर ती जलाशय आहे. पीक उभं आहे, माणूस कष्टाळू आहे, बियाण्याला आणि डिझेलला पैसे हवे आहेत, आणि मला त्याला किसान क्रेडिट कार्डवर कर्ज देता येत नाही, कारण त्याच्या नावावर जमीन नाही. कालव्याखालच्या शेतकऱ्याला मी तेच कर्ज सात टक्क्यांनी देतो, वेळेवर फेडलं तर सरकारी सवलतीनं ते चारला पडतं. एकाच धरणाचं पाणी. एकाला ते चार टक्क्यांनी मिळतं, दुसऱ्याला गावातल्या सावकाराच्या दरानं. ‘झाडाझडती’बद्दल मी समोरासमोर बोललो ते आमच्या फील्ड ऑफिसरशी. तो छिंदवाड्याचा, पांढुर्ण्याकडचा, घरी मराठी बोलणारा. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘सर, कादंबरीत अधिकाऱ्याला शिव्या असतीलच ना? मग आपण वाचून काय करायचं?’’ मला उत्तर सुचलं नाही, पण पुस्तक त्यानं नेलं.

फेब्रुवारीत वीरेंद्र जैन यांची हिंदी ‘डूब’ वाचली. तीही १९९१ चीच, बेतवेवरच्या राजघाट धरणाची. ही मला ‘झाडाझडती’पेक्षा सरस वाटते, असं म्हटलं तर मराठी वाचक रागावतील. पण जैन यांच्याकडे धरण येण्याआधीची नुसती वाट बघण्याची वर्षं आहेत. बांधणार की नाही, बुडणार की नाही, नवं घर बांधावं की नको, पोरीचं लग्न या गावातून लावावं की नव्या. गाव बुडण्याआधी कुजतं कसं, ते त्यांनी दाखवलं आहे.

मार्चमध्ये काहीच झालं नाही. त्या वर्षी एकतीस मार्च रविवारी आला आणि सरकारी कामकाजासाठी शाखा उघड्या ठेवायचा आदेश निघाला, यावरून काय ते समजा. एप्रिलमध्ये लोकसभेची निवडणूक. जबलपूरचं मतदान पहिल्याच टप्प्यात, एकोणीस तारखेला, आणि बँकवाल्यांना निवडणुकीची ड्युटी चुकत नाही. मुलीचा संदेश आला: तुम्ही वेळेच्या मागे आहात.

खरी भरपाई बसमध्ये झाली. शनिवारी दुपारनंतर नागपूरची बस धरायची, सिवनीपर्यंत वाचायचं. पुढे पेंचच्या जंगलात रस्ता वर उचलला आहे, खालून वाघ-हरणांना जाता यावं म्हणून. तिथं मी पुस्तक मिटून खाली बघत बसतो; वाघ अजून दिसलेला नाही. याच रस्त्यावर सिवनीजवळ १५ फेब्रुवारी १९४८ ला हिंदी कवयित्री सुभद्राकुमारी चौहान मोटार अपघातात गेल्या, नागपूरहून जबलपूरला परतताना. तेव्हा जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होती, राजधानी नागपूर. १९५६ पर्यंत तसंच होतं. सुभद्राकुमारींना आपण ‘झाँसी की रानी’ या कवितेपुरतं ओळखतो. ‘बिखरे मोती’ हा १९३२ चा त्यांचा कथासंग्रह जबलपूरच्या स्टेशनवर मिळाला म्हणून घेतला. यादीत बसत नव्हता, मोजला नाही. पण घराघरांत कोंडलेल्या बायकांच्या त्या छोट्या, बिनगाजावाजाच्या कथा इतक्या नीट लिहिलेल्या आहेत, की शाळेतल्या त्या एका कवितेनं या बाईंचं नुकसानच केलं असं वाटलं.

त्या जुन्या प्रांतामुळे जबलपुरात अजून मराठी घरं आहेत. आमच्या एका पेन्शनर ग्राहक बाई तिथल्याच, नव्वदीकडे झुकलेल्या. हयातीचा दाखला द्यायला मुलगा त्यांना गाडीत घालून आणतो. मी मराठी, हे कळल्यावर त्यांनी माझा ताबाच घेतला. त्यांच्या घरी कपाटभर जुने दिवाळी अंक आहेत, नवऱ्यानं जमवलेले. ‘‘न्या हो, पोरांना वाचता येत नाही.’’ एक दिवाळी अंक म्हणजे एक पुस्तक धरायचं का, यावर माझी मुलीशी खडाजंगी झाली. माझं म्हणणं, ‘मनोरंजन’ मासिक काढणाऱ्या का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाचं निम्मं वाचन त्यातच झालं आहे, मोजलाच पाहिजे. तिचं म्हणणं, जाहिराती वगळून किती पानं राहतात ते आधी सांगा. अंक मोजायचे नाहीत, वाचायचे, असं ठरलं.

मे महिन्यात अमृतलाल वेगड. यांच्यासाठी तरी यादी केली याचं समाधान आहे. वेगड जबलपूरचेच, गुजराती घरातले, शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले चित्रकार. १९७७ मध्ये, पन्नाशीला टेकलेले असताना, त्यांनी तुकड्यातुकड्यांनी नर्मदेची परिक्रमा सुरू केली, आणि पहिला तुकडा जबलपूर ते मंडला असा निवडला. म्हणजे थेट आमच्या भागातून. धरणाचं काम तेव्हा चालू होतं. ‘सौंदर्य की नदी नर्मदा’ वाचताना ते ज्या पायवाटांनी जातात, ज्या गावांत मुक्काम करतात, त्यांतलं बरंचसं आज पाण्याखाली आहे, आणि चालताना त्यांनाही ते ठाऊक आहे. तरी पुस्तकात रडगाणं नाही. नदीचं वळण, खडक, रात्री अंथरूण कुणी दिलं, खिचडी कशी झाली, हेच. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस. ते वाचून दोन-चार रविवार काठानं चाललोही. फार नाही, गुडघे बँकेचे आहेत.

त्याच्या जोडीला गो. नी. दांडेकरांचं ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ पुन्हा वाचलं. कारण परिक्रमेचा सगळा मराठी उत्साह मला शाखेच्या दारात भेटतो. दिवाळीनंतर पाठीवर पिशवी, हातात काठी, कमरेला कमंडलू असे लोक रस्त्यानं जाऊ लागतात, आणि दहांतल्या बऱ्याच जणांच्या तोंडी मराठी असते. एकदा कोल्हापूरकडचे एक काका एटीएमशी झगडत होते. मी मराठीत ‘पिन चुकतोय तुमचा’ म्हटलं तर दचकलेच. जगन्नाथ कुंटे यांचं ‘नर्मदे हर हर’ वाचून निघालो, म्हणाले. ते पुस्तक वाचून निघालेले इतके भेटतात, की एका पुस्तकानं इतकी माणसं घराबाहेर काढल्याचं मराठीत दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. मला स्वतःला कुंट्यांपेक्षा दांडेकर आणि दांडेकरांपेक्षा वेगड जवळचे. चमत्कार जितके कमी, तितकी नदी जास्त दिसते. काकांना हे बोललो नाही. परिक्रमावासीयाशी वाद घालू नये, त्याला पुढे चालायचं असतं.

सिनेमांचं मात्र वेगळं झालं. पुस्तक एकट्यानं वाचता येतं. सिनेमाही लॅपटॉपवर एकट्यानंच बघणार होतो, पण कियोस्क चालवणारा आमचा बँक मित्र संध्याकाळी हिशेब मिळवायला खोलीवर यायचा. त्या वर्षी दहा तारखेच्या आसपास लाडली बहना योजनेचे बाराशे पन्नास जमा झाले की त्याच्या यंत्रापुढे बायकांची रांग लागायची. एकीचा अंगठा उमटत नाही, दुसरीचं आधार जोडलेलं नाही, तिसरीचा नवरा पैसे आधीच काढून गेलेला. असा दिवस काढून तो आला, मी काय लावतोय ते पाहिलं आणि भिंतीला टेकून बसला. त्यानंतर तो यायचाच. तिशीतला पोरगा, त्याच्या आजोबांचं गाव डूबमध्ये गेलेलं.

सुरुवात ‘जिस देश में गंगा बहती है’पासून केली. १९६० चा, राधू कर्मकार या छायालेखकानं दिग्दर्शित केलेला. नाव गंगेचं, आणि ती संगमरवरी खडकांतली प्रसिद्ध दृश्यं आपल्या भेडाघाटची, नर्मदेवरची. ‘‘नाम किसी का, काम किसी का,’’ तो म्हणाला, आणि नंतर बराच वेळ कुठला खडक आज कुठे आहे ते मला सांगत बसला. त्यातला डाकू राका म्हणजे प्राण, आणि जबलपूरचे प्रेमनाथ ते काम का करत नव्हते याबद्दल त्याचे स्वतःचे सिद्धांत होते. प्रेमनाथ यांच्या मालकीचं एम्पायर टॉकीज त्याच्या वडिलांनी पाहिलेलं.

मग एलिया कझानचा ‘वाइल्ड रिव्हर’, तोही १९६० चाच. अमेरिकेत टेनेसी नदीवर धरण झालंय आणि सरकारचा एक तरुण अधिकारी बेटावरच्या एका म्हातारीला घर सोडायला सांगायला येतो. म्हातारी हलत नाही. अधिकारी वाईट नाही, धरणही वाईट नाही, म्हातारी तर नाहीच. टेबलाच्या या बाजूला बसणाऱ्यानं बघावा असा हा सिनेमा. ऋत्विक घटकांचा ‘तितास एकटि नदीर नाम’ बँक मित्राला सोसला नाही. तो मधेच झोपला. मला नदी आटत जाताना मालो कोळ्यांची वस्ती कशी विस्कटते, ते बघताना इथले मच्छीमार दिसत होते. बरगीच्या जलाशयातले मासेमारीचे हक्क १९९४ मध्ये विस्थापितांच्या सहकारी संस्थांच्या संघाला मिळाले होते. पुढे ते गेले. त्या काळाबद्दल वयस्क मच्छीमार अजून बोलतात.

पण वर्षाचा सिनेमा ठरला तो जिया झांगकं या चिनी दिग्दर्शकाचा ‘स्टिल लाइफ’. २००६ चा, व्हेनिसला त्याला सुवर्णसिंह मिळाला होता. यांगत्सीवरच्या थ्री गॉर्जेस धरणामुळे एक अख्खं जुनं शहर पाडलं जात आहे. एक खाणकामगार बऱ्याच वर्षांनी आपल्या बायकोला शोधत तिथं येतो. त्याच्याकडे पत्त्याची चिठ्ठी आहे. मोटारसायकलवाला त्याला त्या पत्त्यावर घेऊन जातो, थांबतो आणि समोर बोट दाखवतो. समोर पाणी. पत्ता पाण्याखाली.

भाषा चिनी, उपशीर्षकं इंग्रजी. आमच्या मित्राला दोन्ही येत नाहीत. मी भाषांतर करायला तोंड उघडलं तर त्यानं हातानंच थांबवलं. ‘‘समझ में आ रहा है, साब.’’ पुढे भिंतींवर पाणी कुठवर चढणार त्याच्या खुणा रंगवलेल्या दिसतात, तेव्हा त्यानं सिनेमा थांबवायला लावला.

‘‘इन लोगों ने निशान तो लगाए. दादी बताती थीं, हमारे यहाँ तो पानी ने ही आकर बताया.’’

मग त्यानं आजोबांचं जुनं पासबुक आणून दाखवलं, दुसऱ्या कुठल्या बँकेचं, कधीचं बंद पडलेलं. पुठ्ठा गेलेला, पण पहिल्या पानावर निळ्या शाईत खातेदाराचं नाव, बापाचं नाव आणि गाव. त्या गावाला आज जायचं तर बोट लागते आणि पोचल्यावर उतरायला जागा नाही. दर काही वर्षांनी आम्ही केवायसी नव्यानं करतो, तेव्हा म्हातारी माणसं नव्या वस्तीचा पत्ता सांगून झाल्यावर जुन्या गावाचं नावही लिहा म्हणतात. फॉर्मात तो रकाना नाही. आता मी ते पेन्सिलनं मार्जिनमध्ये लिहितो. नियमात बसत नाही, पण त्यावर कुठल्या तपासनीसानं अजून शेरा मारलेला नाही.

मुलीनं दिलेलं न पटणारं पुस्तक ऑगस्टमध्ये आलं: अरुंधती रॉय यांचा १९९९ चा ‘द ग्रेटर कॉमन गुड’ हा दीर्घ निबंध. त्यात बरगी आहे. सरकारी अंदाज होता १०१ गावं आणि सत्तरेक हजार माणसं. प्रत्यक्षात १६२ गावं बुडाली आणि १ लाख १४ हजार माणसं उठली, असं त्यांनी लिहिलं आहे. माझं रॉयबाईंशी भांडण आहे आणि ते वाचूनही संपलं नाही. त्यांच्या लेखनात कालव्याचं पाणी मिळालेला शेतकरी जवळजवळ नाहीच. माझ्या शाखेत तो आहे. पोराला इंजिनीअरिंगला घालतो, ट्रॅक्टरचा हप्ता चुकवत नाही. कटनी-सतना-रीवाकडे हेच पाणी नेणारा उजवा कालवा स्लीमनाबादच्या बाराएक किलोमीटरच्या बोगद्यात वर्षानुवर्षं अडकून पडला, त्याची वाट बघणारेही शेतकरीच आहेत. त्यांनी काय वाईट केलंय? पण अंदाज आणि प्रत्यक्ष यांच्यातला तो फरक बघितला आणि पुस्तक उशाशी ठेवून बराच वेळ जागा राहिलो. माझ्या शाखेत दिवसाअखेर दहा रुपयांचा फरक निघाला तर मी कुणाला घरी सोडत नाही. इथं एकसष्ट गावांचा फरक निघाला, आणि टॅली झाल्याचं कुणी लिहिलं असेल?

या पुस्तकाबद्दल समोरासमोर बोललो ते मुलीशीच, दिवाळीत. तिला वाटलं होतं मी बदलेन, मला वाटलं होतं मी तिला गप्प करेन. रात्री दोनपर्यंत भांडलो. तिच्या आईनं शेवटी दिवा घालवला. मुलीचे बावन्न तोवर पंचेचाळीसच्या पुढे गेले होते. मी विचारलं, यातल्या किती पुस्तकांवर तू कुणाशी असं भांडलीस? ती म्हणाली, ‘‘भांडायला वेळ कुठेय बाबा, पुढचं वाचायचं असतं.’’ हे ती गमतीत म्हणाली, पण पुढच्या वर्षासाठी तिनं आकडा निम्म्यावर आणला आहे आणि अट घातली आहे: फक्त आजीच्या वयाच्या बायकांनी लिहिलेलं.

माझी यादी पुरी झाली की नाही? मार्च-एप्रिलचं भरून निघालं नाही आणि मी ते भरायला डिसेंबरात पातळ पुस्तकंही शोधली नाहीत. शिल्लक राहिली ती पुढच्या वर्षात ओढली. बँकेत याला चांगलं नाव नाही, पण चालतं.

‘झाडाझडती’ फील्ड ऑफिसरकडून अजून परत आलेली नाही. त्याची बायको वाचते आहे, असं कळलं. वेगड मी जबलपूरच्या त्या आजीबाईंना वाचायला दिले. त्यांनी ते मोठ्यानं वाचून घ्यायला नातीला बसवलं आहे, हिंदी तिला येते म्हणून. आणि बँक मित्रानं नव्या वर्षाच्या यादीसाठी आपलं एक कलम आत्ताच सांगून ठेवलं आहे.

‘‘साब, अगले साल पानी वाली नहीं. बहुत हो गया. कोई मारधाड़ वाली लगाइए.’’